रानातल्या निळ्या फळांवरून ब्लूबेरी लावायचं ठरवताय? आधी विहिरीचं पाणी तपासा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जांबोटीच्या पुढं वडिलांच्या वाट्याची दोन एकर लाल माळजमीन आहे. बांधालगतच्या रानात मे महिन्यात वाटाण्याएवढी काळपट निळी फळं लागतात, त्यांच्या डोक्यावर छोटा मुकुट असतो आणि लहानपणापासून तुम्ही ती खात आलाय. ही ‘रानटी ब्लूबेरी’ आहे असं कुणीतरी सांगितलं. तेवढ्यात एका रोपवाल्यानं ब्लूबेरीची ३०० रोपं देऊ केली आणि मृगाच्या पावसावर लावून टाका म्हणाला. लावू का, आणि रानातल्या झाडावर ब्लूबेरीचं कलम बसेल का, हे तुम्हाला हवंय.

मी बेळगावजवळ बावीस वर्षं रोपवाटिका चालवते. ब्लूबेरी मी स्वतः लावली, मारली आणि नंतर जगवलीही. त्या अनुभवावरून सांगते, यंदा ३०० रोपं घेऊ नका. दहा घ्या, आणि तीसुद्धा पाण्याचा अहवाल हातात आल्यावरच. कलमाचा विचार तर सोडूनच द्या. हे असं का, ते नीट समजून घ्या, कारण तुमची जमीन वाईट नाही. उलट आपल्या भागातल्या कितीतरी जमिनींपेक्षा ती या पिकाला जवळची आहे. म्हणूनच घाईनं ती संधी वाया जाऊ नये असं मला वाटतं.

आधी रानातलं झाड कोणतं ते पाहू. तुमच्या फोटोत पानं जाड, गुळगुळीत, काळपट हिरवी आहेत आणि फांदीवर एकमेकांच्या अगदी समोरासमोर लागलीत. ही आपली अंजनी. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच झाडाच्या जुन्या लाकडावर गडद निळ्या फुलांचे झुबके येतात, जणू कुणी फांदीला निळा पिंजलेला कापूस चिकटवलाय. तुमच्या बांधावर ते दिसत असणारच. शास्त्रीय नाव मेमेसायलॉन. ब्लूबेरीच्या कुळाशी तिचं कसलंही नातं नाही. ब्लूबेरी आहे व्हॅक्सिनियम, म्हणजे एरिकेसी कुळातली. या कुळाला इंग्रजीत हीथ म्हणतात. हिमालयात लाल फुलांनी डवरणारा बुरांस त्याच कुळातला. ही मंडळी सह्याद्रीत भेटतात ती नीलगिरी, पळणी अशा दक्षिणेतल्या उंच, गार डोंगरांवर. तिथं व्हॅक्सिनियमच्या रानटी जातीही आहेत. आपला जांबोटी-कणकुंबीचा पट्टा हिरवागार असला तरी तेवढा उंच नाही.

पुढच्या वेळी फळ हातात आलं की नखानं मधोमध चिरून बघा. अंजनीत एकच मोठी बी निघेल, फळाचा बराचसा भाग तीच व्यापते. ब्लूबेरीत बिया खसखशीसारख्या बारीक आणि पुष्कळ असतात, खाताना त्या दाताला जाणवतही नाहीत. मग मुकुट बघा. ब्लूबेरीचा मुकुट पाच टोकांच्या चांदणीसारखा असतो, तर अंजनीच्या डोक्यावर वाटीच्या काठासारखी गोल कड असते. तिसरी खूण पानांची. ब्लूबेरीची पानं फांदीवर एकाआड एक लागतात, समोरासमोर कधीच नाहीत. या तीन खुणा पाहिल्या की पुन्हा घोटाळा होणार नाही. कलमाचं उत्तरही यातच आलं. कुळच वेगळं असलेल्या झाडावर कलम जगत नाही, काडी हिरवी दिसली तरी दोन-तीन आठवड्यांत वाळते.

एक काळजीची गोष्ट इथंच सांगून टाकते. ‘रानटी ब्लूबेरी’ म्हणून हल्ली लोक वाट्टेल ते तोंडात घालतात. घाणेरीची फळंही पिकली की निळीकाळी, चकचकीत होतात, आणि तिची हिरवी कच्ची फळं विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर ओळख पटल्याशिवाय एकही फळ खायचं नाही, हे त्यांना ठामपणे सांगा. अंजनी तुम्ही लहानपणापासून ओळखता, ती खुशाल खा.

आता मूळ मुद्दा. ब्लूबेरी म्हटलं की सगळे थंडीवर बोलतात. आपल्याकडं थंडी कुठं पडते, मग ती कशी येणार, असं. हे अर्धं खरं आहे. ज्या उत्तरेकडच्या जाती आहेत, ड्यूक किंवा ब्लूक्रॉपसारख्या, त्यांना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी ८०० तास किंवा त्याहून जास्त लागते. ती मिळाली नाही तर कळ्या नीट फुटतच नाहीत. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे साधारण तेरा-चौदा अंश असतात, एखाद्या रात्री पारा आणखी घसरतो, पण सात अंशांखालचे तास मोजायला बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. तेव्हा त्या जाती आपल्यासाठी नाहीतच. पण अमेरिकेच्या दक्षिणेत, फ्लोरिडा वगैरे भागांत, तिथल्या रानटी जातींशी संकर करून कमी थंडीच्या जाती तयार झाल्या. त्यांना ‘सदर्न हायबुश’ म्हणतात. बिलॉक्सी ही त्यांतली नावाजलेली जात. पेरू देशाच्या वाळवंटी किनाऱ्यावर, जिथं कडाक्याची थंडी नाहीच, तिथं याच जातीवर मोठा निर्यातीचा धंदा उभा राहिला. अशा ठिकाणी झाड पानं न गाळता वर्षभर हिरवं राहतं. म्हणजे जात बरोबर निवडली तर थंडी ही अडचण राहत नाही. म्हणून रोपवाल्याला पहिला प्रश्न जातीचा विचारा. त्यानं नुसतं ‘ब्लूबेरी’ किंवा ‘फॉरेन व्हरायटी’ म्हटलं तर तिथूनच परत फिरा.

खरी अडचण मुळांची आहे, आणि तिच्याबद्दल रोपवाला बोलणार नाही.

ब्लूबेरीचं मूळ एकदा हातात घेऊन बघण्यासारखं असतं. कुंडीतून रोप उपटलं तर तपकिरी, केसाइतक्या बारीक मुळांचा गुंता दिसतो, दाट दाढीसारखा. आंबा, काजू, अगदी मिरचीच्या रोपालाही मुळांवर सूक्ष्म केसं असतात, त्यांनी ती मातीतलं पाणी आणि अन्न ओढतात. ब्लूबेरीच्या मुळांना ही केसंच नसतात. त्यांच्या जागी एक विशिष्ट बुरशी मुळाच्या पेशींत राहते आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यातलं अन्न झाडाला मिळवून देते. हे झाड मूळचं उत्तर अमेरिकेतल्या आम्लधर्मी, वालुकामय, पाचोळ्यानं भरलेल्या जमिनींचं. त्या जमिनीत नत्र अमोनियमच्या रूपात असतं, म्हणून झाडालाही तेच मानवतं. जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असेल तर ते खूश. त्याच्या वर गेलात की मुळांभोवतालचं लोह बांधलं जातं आणि झाड उपाशी पडतं. मुळं बहुतेक वरच्या फूटभरातच असतात, त्यामुळं खाली जाऊन काही शोधून आणणंही त्याला जमत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी बिलॉक्सीची बारा रोपं आणली होती. मला वाटलं, आपली लाल माती आम्लधर्मीच आहे, अजून काय पाहिजे? खड्डे घेतले, माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं निम्मं भरलं, वरून चुलीतली राख शिंपडली, कारण कुठलंही रोप लावताना आमच्याकडं राख टाकायचीच पद्धत. पाणी बोअरचं. पहिला महिना रोपं छान होती. मग नवी पानं पिवळी यायला लागली, पण शिरा मात्र हिरव्यागार. पिवळ्या कागदावर हिरव्या पेनानं रेघा ओढाव्यात तशा. ही लोहाच्या कमतरतेची खूण. मी हिराकस फवारलं. पंधरा दिवस पानं हिरवी झाली, नंतर पुन्हा पिवळी. मग पानांच्या कडा करपायला लागल्या. दिवाळीपर्यंत सात रोपं गेली.

त्यांतलं एक मी मुळासकट काढलं, माती धुतली आणि बघतच राहिले. रोप आलं तेव्हा प्लास्टिकच्या कपात जेवढा मुळांचा गड्डा होता, तेवढाच होता. तीन-चार महिन्यांत एकही मूळ त्या गड्ड्याबाहेर आलं नव्हतं. लाल माती म्हणजे लोहाचीच माती, तिच्या मधोमध बसून ते झाड लोहासाठी उपाशी मेलं होतं. शेणखत, राख आणि बोअरचं पाणी, तिन्ही मिळून मी मुळांभोवती आम्लाच्या उलट वातावरण तयार केलं होतं. जे आपण मायेनं घालतो, तेच या झाडाला नको असतं. राख आणि चुना तर याच्या आसपासही फिरकू देऊ नयेत.

मग मी पाणी तपासून घेतलं आणि तिथं मला खरं कारण कळलं. बोअरच्या पाण्याचा सामू सात-सव्वासातच होता, म्हणजे दिसायला साधं पाणी. पण बायकार्बोनेट लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या वर. सामू म्हणजे पाण्याचा आजचा स्वभाव आणि बायकार्बोनेट म्हणजे त्याचा हट्ट, असं मी माझ्याकडच्या मुलांना समजावते. तुम्ही माती कितीही आम्ल करा, असं पाणी रोज घालत राहिलात तर सहा महिन्यांत ते मातीला आपल्यासारखं करून घेतं. ठिबकनं तर ते नेमकं मुळांवरच पडतं. म्हणून मी शीर्षकातच पाण्याचं नाव घेतलं. माती तुम्हाला बदलता येते, पिशवीत दुसरी भरता येते, पण पाणी रोज लागतं.

इथं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि तुमची परिस्थिती माझ्यापेक्षा चांगली असण्याची शक्यता आहे. जांबोटीकडच्या जांभा दगडातल्या उथळ विहिरींचं आणि झऱ्यांचं पाणी बहुतेकदा मऊ असतं, साबणाला चटकन फेस येतो. खोल बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं, अगदी शेजारच्याच शेतात. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीतून कुणी हाच प्रश्न विचारला असता तर मी जमिनीत लावायला सरळ नाही म्हटलं असतं, तिथं चुनखडी खालपासून वरपर्यंत आहे. तुमच्याकडं तसं नाही. तेव्हा विहिरीचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी वेगवेगळं तपासून घ्या. अहवालात बायकार्बोनेट, ईसी (पाण्यातल्या एकूण क्षारांचं माप) आणि क्लोराइड हे तीन आकडे मागून घ्या. नुसत्या सामूवर समाधान मानू नका. माझ्या अनुभवात बायकार्बोनेट शंभरच्या आत असेल तर काम सोपं. दोनशेच्या वर असेल तर प्रत्येक पाण्यात आम्ल मिसळावं लागतं, आणि ते एक दिवसही चुकवून चालत नाही. तपासणीसाठी मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या बागायत महाविद्यालयात आधी फोन करून विचारा. नमुना उन्हाळ्याच्या शेवटी घ्या. पावसाळ्यात सगळ्याच विहिरींचं पाणी गोड लागतं.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर मी करते ते सांगते. दहा लिटरची बादली भरायची. बाजारात मिळतं ते लिंबूसत, म्हणजे सायट्रिक अॅसिड, एका वेळी एक ग्रॅम घालायचं, ढवळायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि सामू मोजायचा. साडेपाचवर यायला किती ग्रॅम लागले ते लिहून ठेवायचं. माझ्या बोअरच्या पाण्याला चार-पाच ग्रॅम लागले होते, पावसाच्या पाण्याला चिमूटही जास्त झाली. सामू मोजायचं पेनासारखं यंत्र मिळतं, ते घ्या, पण महिन्यातून एकदा त्याच्या द्रावणात बुडवून ते जुळवून घ्या, नाहीतर ते खोटं बोलायला लागतं.

दुसऱ्या खेपेला मी सहाच रोपं लावली आणि जमिनीचा नादच सोडला. चाळीस लिटरच्या पिशव्या घेतल्या. त्यांत कोकोपीट, अर्धवट कुजलेलं भाताचं तूस आणि थोडं पर्लाइट भरलं. कोकोपीट आधी तीन पाण्यांनी धुतलं, कारण त्यात मीठ असतं. पहिल्या धुण्याचं पाणी चहासारखं लाल येतं, शेवटचं फिकं झालं की थांबायचं. वर आच्छादन म्हणून आमच्या बांधावरच्या अकेशियाची सुकी पानं चार बोटं जाड पसरली. राखीव जंगलातला पाचोळा मात्र गोळा करून आणू नका, तो कायद्यातही बसत नाही आणि त्या रानाला त्याची गरज आहे. खत म्हणून फक्त अमोनियम सल्फेट, चिमूटचिमूट, पंधरा दिवसांतून एकदा, आणि पालाश द्यायचं तर सल्फेटच्या रूपात. म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यातलं क्लोराइड या झाडाला बाधतं. कॅल्शियम नायट्रेटही नको. हात सैल सोडलात तर खतानंच मुळं जळतील, कारण पिशवीत मीठ साठायला वेळ लागत नाही.

पाणी छपरावरचं. पत्र्याला पन्हळ लावून पाच हजार लिटरच्या टाकीत साठवलं. हिशेब करून बघा, वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर एक मीटर पाऊस पडला तर वीस हजार लिटर पाणी होतं, आणि जांबोटीला पाऊस त्याहून कितीतरी जास्त. दहा झाडांना कोरड्या आठ महिन्यांत झाडामागे सरासरी दोन लिटर रोज धरलं तर पाच हजार लिटरच्या आत भागतं. ३०० झाडांना हेच पाणी दीड लाख लिटरच्या घरात जातं, तेवढी टाकी कुणी बांधत नाही. म्हणून मी दहाचा आकडा सांगते. दहा झाडं पावसाच्या पाण्यावर निर्धास्त जगतात, ३०० झाडांना विहिरीच्या भरवशावरच राहावं लागतं, आणि ती विहीर कशी आहे हे अजून आपल्याला माहीत नाही.

इथवर आलात तर थोडक्यात एवढंच धरा: रानातली अंजनी ब्लूबेरी नाही, थंडीचा प्रश्न जातीनं सुटतो, मातीचा पिशवीनं सुटतो, आणि पाण्याचा सुटला नाही तर बाकीचं सगळं फुकट.

पावसाळ्याचं वेगळंच. रोपवाला ‘मृगावर लावा’ म्हणाला तिथंच मला कळलं की त्यानं हे झाड आपल्या भागात चार महिने सांभाळलेलं नाही. या झाडाला ओल हवी असते, पण तुंबलेलं पाणी अजिबात नको. मुळांत पाणी राहिलं की फायटोफ्थोरा नावाचा मूळकुज रोग येतो, झाड वरून हिरवं असतानाच एके दिवशी मान टाकतं. तुमच्याकडं जुलैत पाऊस आठवडाभर हटत नाही, सूर्य दिसत नाही. अशा दिवसांत पिशव्या विटांवर उचलून, वर प्लास्टिकचा कागद टाकून ठेवाव्या लागतात. चारी बाजू उघड्या ठेवायच्या, वारा खेळला पाहिजे. माझी सहापैकी दोन रोपं दुसऱ्या वर्षी याच कारणानं गेली. त्या आठवड्यात आमच्या घरी लग्न होतं आणि कागद वाऱ्यानं उडालेला कुणी पाहिला नाही. म्हणून मी लागवड ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर करायला सांगते. थंडी-उन्हाळा मुळं धरायला मिळतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोपात जीव आलेला असतो.

उरलेल्या चार झाडांना तिसऱ्या वर्षी चांगली फळं आली, झाडामागे किलोभर. पहिल्या वर्षी आलेली फुलं मी सगळी खुडून टाकली होती. जिवावर येतं, पण ते करावंच लागतं, नाहीतर झाड वाढतच नाही. फूल कसं असतं ते मात्र त्या वर्षी निरखून बघा. पांढरी, उलटी टांगलेली छोटी घागर, तोंड अगदी अरुंद. पराग आत नळीत असतो आणि तो हलवून खाली पाडावा लागतो. सातेरी मधमाश्या येतात, पण हे काम त्यांना नीट जमत नाही. फुलाला घट्ट धरून गुणगुणत थरथरवणारी माशी लागते. परदेशात ते काम बंबलबी करते. आपले मोठे काळे भुंगेही तसं थरथरवू शकतात, पण ते पुष्कळदा फुलाला बाजूनं चीर पाडून मध पळवतात. मी सकाळी आठच्या सुमाराला फांद्यांना बोटानं हलक्या टिचक्या मारत फिरते, त्यानं फरक पडतो. शिवाय दोन वेगळ्या जाती शेजारी ठेवल्या तर फळ मोठं येतं. दहा घेणार असाल तर पाच बिलॉक्सी आणि पाच कमी थंडीच्याच दुसऱ्या एखाद्या जातीची घ्या.

तोडणीत सगळे एक चूक करतात. फळ निळं झालं की तोडतात. निळं झाल्यावरही ते चार-पाच दिवस झाडावर राहू द्यायचं. देठाकडची बाजू बघायची, तिथं तांबूस झाक असेल तर अजून वेळ आहे. तोडल्यावर हे फळ मऊ होतं, पण गोड होत नाही. वरचा पांढुरका थर पुसू नका, ते त्याचं स्वतःचं मेण आहे, त्यानं फळ टिकतं. आणि जाळी लावा. बुलबुल तुमच्याआधी उठतात.

विक्रीबद्दल मी फार बोलणार नाही, कारण दहा झाडांच्या फळांना बाजार शोधावा लागत नाही, घरात आणि ओळखीतच संपतात. तीन वर्षं दहा झाडं जगवलीत, एक पूर्ण पावसाळा आणि एक कडक उन्हाळा काढलात, की ३०० लावायची की नाहीत हे तुम्हाला माझ्याहून नीट कळेल.

आता तुम्ही न विचारलेली, पण माझ्या मनात कायम घोळत असलेली गोष्ट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरी हेही रानफळच होतं, कुणी लावत नव्हतं. फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञानं १९१० मध्ये दाखवून दिलं की या झाडाला आम्ल माती लागते, म्हणून ते बागेत मरतं. ते वाचून न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट या शेतकऱ्याच्या मुलीनं त्याला पत्र लिहिलं आणि आपली जमीन प्रयोगाला दिली. मग तिनं काय केलं, तर आसपासच्या रानात फळं वेचणाऱ्या लोकांना भोक पाडलेली मोजपट्टी दिली. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून पडणार नाही, तेवढं मोठं असेल, ते झुडूप मला दाखवा, पैसे देते, असं सांगितलं. लोकांनी झुडपं दाखवली आणि ज्यानं दाखवलं त्याचं नाव तिनं झुडपाला दिलं. रूब लीक नावाच्या माणसानं शोधलेली ‘रुबेल’ ही जात आजही लावली जाते. १९१६ मध्ये त्यांचा पहिला माल बाजारात गेला.

आपल्या करवंदांसाठी हे कुणी केलंय? जांबोटीपासून चोर्ल्यापर्यंतच्या माळावर करवंदीच्या जाळ्याच जाळ्या आहेत. उन्हाळ्यात बेळगावच्या बाजारात बायका पानाच्या द्रोणात ती विकायला बसतात, कन्नड गिऱ्हाईक ‘कवळी हण्णु’ म्हणून मागतं. एका जाळीचं फळ नुसतं आंबट आणि चिकानं भरलेलं, तर दहा पावलांवरच्या दुसरीचं टपोरं, गोड, कमी चिकाचं. ही करवंदी ब्लूबेरीची कुणी नाही, ती कण्हेरीच्या कुळातली, म्हणून तिला चीक असतो. पण तुमच्या लाल माळावर ती पाणी न मागता, खत न मागता, गुरांना दाद न देता उभी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात निवडून दिली आहे. आपल्या घाटमाथ्यावरच्या जाळ्यांतून अशी निवड आपणच करायला हवी.

माझ्याकडं कामाला असलेले कणकुंबीचे मामा आणि मी चार वर्षांपासून हेच करतोय. मामांना प्रत्येक जाळी माहीत आहे. फळ चाखायचं, आवडलं तर त्या फांदीला लाल दोरा बांधायचा आणि वहीत जागा लिहायची. पुढच्या वर्षी त्याच जाळीचं फळ तसंच गोड निघतं का ते पुन्हा बघायचं, कारण एखाद्या वर्षी ऊन चांगलं पडलं म्हणूनही गोडी येते. एकवीस जाळ्यांना दोरे बांधले होते, दोन वर्षांनी त्यांतल्या सहाच टिकल्या.

तुमच्या दोन एकरांतली एक बाजू यासाठी ठेवा. तुमच्या बांधावरच्या आणि मालकीच्या जागेतल्या जाळ्यांपासून सुरुवात करा. आवडलेल्या जाळीचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, बी काढून चीक जाईपर्यंत राखेत चोळून धुवा आणि त्याच आठवड्यात पिशवीत पेरा. करवंदीचं बी साठवून ठेवलं की उगवत नाही. बियांची रोपं आईसारखीच निघतील असं नाही, म्हणून त्याच जाळीवर पावसाळ्यात चार-पाच गुट्याही बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडा आणि साल काढल्यावर चीक पुसून कोरडा होऊ द्या, मगच ओलं शेवाळ गुंडाळा. चीक न पुसता गुंडाळलेल्या माझ्या गुट्या सगळ्या कुजल्या होत्या.

पाण्याचा अहवाल आला की मला त्याचे आकडे कळवा. नमुन्याची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा.